सूतगिरणीच्या पाहुणीची बॅग

ती दुपार मी विसरलेले नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भाऊबंदकीत फुटलेली डोकी पाहिली. त्यातली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण घरी चार माणसं जेवायला बसली की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, ती बॅगेची केस सांगा ना." मीही लगेच सांगते. पोलिसांच्या पोतडीत हसण्याजोगं फार थोडं असतं, ते वाटून टाकावं.

खरी नावं सांगणार नाही. ज्याच्यावर सगळं शेकणार होतं त्याला मी रफिक म्हणते. बाकीच्यांना नात्याने किंवा हुद्द्याने ओळखलं तरी भागेल.

मी तेव्हा दिग्रस भागातल्या एका ठाण्याची प्रभारी निरीक्षक होते. थंडीचे दिवस, कापूस वेचणीचा हंगाम जोरात. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, कापसाच्या गाड्यांमुळे अपघात, आणि अपघातांमुळे आम्ही. त्यात त्या वर्षी एक नवीन विषय आला होता. व्हिएतनाममधल्या एका मोठ्या सूत कंपनीला आपल्याकडे गिरणी टाकायची होती. ही कंपनी ब्राझीलकडून, आफ्रिकेतून आणि आपल्याकडून कापसाच्या गाठी घ्यायची, तिकडे सूत काढायची आणि ते चीनला, बांगलादेशला विकायची. आता त्यांनी ठरवलं होतं की गाठी समुद्रापार नेण्यापेक्षा कापूस पिकतो तिथेच सूत काढावं. शेवटच्या निवडीत दोन जागा उरल्या होत्या. एक आमच्याकडची आणि दुसरी आफ्रिकेतल्या एका देशातली.

चहाच्या टपरीवर यावर रोज संसद भरायची. "चायनावाले येऊन राह्यले म्हने." "चायना नाई बे, व्हिएतनाम." "एकच झालं." "एकच कसं झालं? तुले दिग्रस अन् पुसद एकच वाटते काय?" कोणी म्हणायचं जमिनी जातील, कोणी म्हणायचं पोरांना काम मिळेल. आम्हाला तहसीलच्या बैठकीत एवढंच सांगितलं होतं की पाहुणे येतात-जातात, काही अनुचित घडू देऊ नका.

रफिक हा दिग्रसचा जिनिंग फिटर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी मशीन सांभाळणारा. त्याचे वडीलही तेच काम करायचे. जिनिंगचा हंगाम संपला की फिटरचं काम संपतं, म्हणून उरलेल्या महिन्यांत तो स्वतःची जुनी गाडी भाड्याने चालवायचा. कंपनीची आधीची एक तुकडी येऊन गेली होती, त्यांना त्याचं काम पसंत पडलं. गिरणी इथे झाली तर मशीन सांभाळायला स्थानिक माणूस लागणार, म्हणून त्याला वर्षभर त्यांच्या तिकडच्या गिरणीत शिकायला पाठवायचं ठरलं होतं. त्याने पासपोर्टला अर्ज केला होता. अर्जाची चारित्र्य पडताळणी माझ्याच ठाण्यात आली होती आणि माझ्याच टेबलावर होती. वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. माणसावर चोरीचा गुन्हा नोंदला गेला की त्याचा पासपोर्ट अडकतो. पुढे तो निर्दोष सुटला तरी तोवर संधी कोणासाठी थांबत नाही.

त्या दिवशी दुपारी मी डबा उघडणार, तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"मॅडम, लवकर या. ते व्हिएतनामची बाई आलती ना, तिची बॅग गेली. पासपोर्ट त्यातच हाय. लोकायनं ड्रायव्हरले घेरून ठेवलं."

"मारलं का त्याला?"

"अजून नाई."

त्या 'अजून'मुळे डबा तसाच ठेवला. ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद घ्यायला सांगितली आणि हवालदारांना घेऊन निघाले. हवालदार जुने, बंजारा तांड्यावरचे, या भागातली प्रत्येक पांदण त्यांना ठाऊक. गाडीत ते म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हर म्हणजे आपला रफिक. पाटलानं नाव नाही सांगितलं, पण पाहुण्याची गाडी तोच चालवतो." टेबलावरचा त्याचा अर्ज माझ्या डोळ्यांपुढे आला.

गावात पोचलो. सधन कास्तकाराचं सिमेंटचं घर, पुढे अंगण, अंगणात गर्दी. गर्दीच्या मधोमध रफिकची गाडी, आणि गाडीला टेकून रफिक हाताची घडी घालून उभा. घाबरलेला दिसत होता, पण पळण्याच्या बेतात नव्हता. ओसरीत बाजेवर एक चाळिशीची, लहान चणीची बाई ताठ बसली होती. ती व्हिएतनामची पाहुणी, कंपनीच्या गुणवत्ता विभागाची प्रमुख. तिच्यासमोर कंपनीने पुण्याहून पाठवलेला तरुण समन्वयक येरझाऱ्या घालत होता. दुभाषा तोच, मार्गदर्शक तोच आणि घाबरवणाराही तोच.

"मॅडम, सरळ केस आहे," तो म्हणाला. "बॅग गाडीच्या मागच्या सीटवर होती. गाडी लॉक होती. किल्ली फक्त याच्याकडे. लॉक तुटलेलं नाही. आम्ही शेत बघायला गेलो, परत आलो तर बॅग नाही. संध्याकाळी नागपूरहून फ्लाइट आहे, तिथून पुढे आफ्रिकेला. पासपोर्ट नसेल तर मॅडम इथेच अडकतील, आणि मग ही गिरणी विसरा तुम्ही! मी लेखी तक्रार देतोय. याला अटक करा."

"आधी गर्दी बाजूला करू," मी म्हटलं.

गर्दी पांगवायचा एक साधा उपाय मला हवालदारांनी शिकवला होता. पंच म्हणून दोन माणसं लागतील असं मोठ्याने विचारायचं. कोर्टात साक्षीला जावं लागेल हे कळताच अंगण निम्मं रिकामं होतं. तसंच झालं.

मग गाडी पाहिली. कुलूप शाबूत, काचा शाबूत, सीटखाली काही नाही, डिकीत स्टेपनी आणि पाण्याची कॅन. समन्वयकाचं म्हणणं खरं होतं. गाडी उघडणारा किल्लीनेच उघडणारा होता.

प्रत्येकाला वेगळं विचारायचं, हा माझा नियम. एकत्र विचारलं की जो मोठ्याने बोलतो त्याची गोष्ट सगळे सांगायला लागतात. पहिल्यांदा पाहुणीला विचारलं. तिचं इंग्रजी तुटक, माझंही तसंच, त्यामुळे आमचं बरं जमलं. ती म्हणाली, सकाळी आलो, चहा झाला, मग घरच्या मुलाबरोबर शेतावर गेलो, वेचणी पाहिली. परत आलो तर बॅग नव्हती. मग तिनेच मला विचारलं, "या माणसाने घेतली हे नक्की नसेल, तर त्याला असं घेरून का ठेवलं?"

मला ती बाई तिथेच आवडली.

समन्वयकाला बाजूला घेतलं. "आल्यापासून निघेपर्यंत काय काय झालं ते सगळं सांगा."

"सांगितलं ना. चहा, शेत, परत."

"घरच्यांशी काही बोलणं? वाद?"

"वाद नाही. त्या घरच्या बाई जेवणाचं काहीतरी म्हणत होत्या. मी सांगितलं वेळ नाही, आमचं पॅकेट लंच गाडीत आहे. दोनदा म्हणाल्या, दोनदा सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय माहीत. हसल्या आणि आत गेल्या."

ते मी कानाआड केलं नाही, पण त्याचा अर्थही तेव्हा लागला नाही. मग रफिकला घराच्या बाजूला, बाभळीच्या सावलीत नेलं.

"किल्ली कोणाला दिली होती?"

"कोणालेच नाही मॅडम. माझ्याच खिशात होती."

"मग बॅग कुठे गेली?"

त्याने एकदा घराकडे पाहिलं.

"रफिक, तुझा पासपोर्टचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. त्या माणसाने तक्रारीवर सही केली की मला गुन्हा नोंदवावा लागेल. तुझं नाव त्यात येईल. कळतंय का?"

"कळते मॅडम. रातभर झोप नाही येत त्या अर्जापायी. माझी बायको रोज विचारते, आलं का, आलं का."

"मग बोल."

"मॅडम, खुदा कसम, चोरी झालीच नाही. थोडं थांबा. जेवणाची वेळ होऊ द्या."

आता पोलिसाच्या कानाला हे वाक्य कसं वाटतं ते सांगते. चोरी झाली नाही म्हणणारा, पण थोडं थांबा म्हणणारा माणूस म्हणजे बॅग कुठे आहे हे माहीत असलेला माणूस. माझा आवाज चढला. "म्हणजे तुला माहीत आहे!"

"मी नाही सांगू शकत."

"काहून नाही सांगू शकत?" मी चिडले की माझी भाषा सासरची होते.

"शपथ घातली मले. अन् मॅडम, ज्या घरचं पाणी पितो त्या घरावर पोलीस कसे घालू? हा पुण्याचा भाऊ तं सगळ्यायलेच जेलात टाकून राह्यला."

समन्वयक लांबून कान देऊन होताच. "बघा! त्याला माहीत आहे! तुम्ही अजून वाट कसली बघता?"

"तुमचं बोलून झालं की मला विचार करता येईल," मी म्हटलं.

'त्या घरावर' हे रफिकचे शब्द. चोर बाहेरचा असता तर तो 'घर' म्हणाला नसता. मी सरळ घरात गेले. सून एकटीच होती, मागच्या दाराशी कपडे धुऊन आत आलेली, पुढे अंगणात काय चाललंय याचा पत्ता नसलेली, पोलीस पाहून गोंधळलेली. तिला पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत स्वयंपाकघर पाहिलं. हा पुरुष अधिकाऱ्यांना न जमणारा तपास. चूल थंड, गॅसवर भांडं नाही. पण कोपऱ्यात पत्रावळींचा गठ्ठा आणि द्रोण, आणि तुपाचा मोठा डबा ठेवतात त्या फळीवर डब्याचा नुसता गोल डाग.

"एवढ्या पत्रावळी कशाला? आणि स्वयंपाक कुठे आहे?"

"वावरात जी," ती म्हणाली. "आज रोडगे हायेत. सासूबाई सकाळूनच तिकडं गेलत्या, मधात एकदा चहापायी आल्या, पाव्हणीले भेटल्या अन् मंग पुन्हा गेल्या."

"जाताना काही म्हणाल्या?"

तिने तोंडाला पदर लावला. हसू दाबत होती. "म्हनल्या, बिना जेवता कशी जाते पाहतेच मी."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि त्याचं श्रेय पोलीस प्रशिक्षणाला अजिबात नाही. माझं सासर महागावकडचं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी ड्युटीवर परत निघाले तेव्हा वर्दीचा पट्टा सापडेना. मोठ्या जाऊबाईंनी तो तुरीच्या कोठीत टाकला होता. पाहुणा जेवल्याशिवाय निघतो म्हणाला की त्याची चप्पल, पिशवी, गाडीची किल्ली काहीतरी गायब होतं. पाहुणा खोटं खोटं रागावतो, घरचे खोटं खोटं शोधतात, मग सगळे पाटावर बसतात आणि जेवण झाल्यावर वस्तू आपोआप सापडते. वऱ्हाडात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घोळ इतकाच झाला होता की पाहुणी व्हिएतनामची होती. तिने रागावण्याचं नाटक केलं नाही. ती गप्प बसली, आणि पुण्याच्या पोराने 'चोरी' हा शब्द उच्चारला. त्या शब्दानंतर खेळ खेळता येत नाही.

हवालदारांना सांगितलं, "गाडी काढा. रोडगे बघायला जाऊ."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, मले वाटलंच होतं." खरं-खोटं देव जाणे.

हे वावर म्हणजे दुसरं, घराजवळचं शेत. लिंबाच्या झाडाखाली गोवऱ्यांचा विस्तव, त्यात भाजत टाकलेले कणकेचे गोळे, म्हणजेच रोडगे, बाजूला पातेल्यात वांग्याची भाजी रटरटतेय. कणकेने हात भरलेल्या साठीच्या काकू आम्हाला बघून उठल्यासुद्धा नाहीत.

"या वं, या! पोलीसबाईही आल्या काय जेवाले? पाव्हणी कुठी हाय?"

"काकू, पाहुणीची बॅग कुठे आहे?"

काकू खदखदून हसल्या. "सापडली नाई ना? नाईच सापडत! माह्या नवऱ्याले आजवर माह्या बांगड्या नाई सापडल्या, तिले काय बॅग सापडते!"

"काकू, त्यांनी चोरीची तक्रार केली आहे. रफिकला धरून ठेवलंय."

हसू जागच्या जागी थांबलं. "कोनाले धरलं? रफिक्याले? काहून?"

"गाडीची किल्ली त्याच्याकडे होती."

"अव्वं माय! गाडी तं मीच उघडाले लावली त्याले. म्हटलं, बोलशील कोनाजवळ तं माह्या गळ्याची आन हाय तुले. बाप्पा बाप्पा, हा गधा खरंच बोलला नाई काय?" मग त्या एकदम तापल्या. "अन् थ्या पुण्याच्या पोट्ट्यानं काय म्हटलं? चोर? माह्या दारात? माह्या पाव्हण्याले?"

कणकेच्या हातांनीच त्या जीपमध्ये चढल्या. रोडग्यांवर लक्ष ठेवायला गडी होता. वाटेत मी विचारलं, "बॅग ठेवली कुठे?"

"कापसाच्या खोलीत. गंजीत खुपसून देली. मस्त खाली, हात पुरत नाई तिथं."

अंगणात उतरल्या त्या सरळ समन्वयकासमोर. "काहून रे बाबू, तू पुण्याचा असशील, पन जेवाची वेळ तं पुण्यातही होतच असन! पाव्हण्याले दोन घास खाऊ घालाची सोय नाई, अन् चोर म्हनाले तोंड हाय?" तो काही बोलायच्या आत त्या रफिककडे वळल्या. "अन् तू! तोंडात काय बोळा बसवला होता? जीव जाऊन राह्यला तरी आन पाळत बसशील काय?"

"तुमीच घातलती ना काकू," रफिक म्हणाला. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

पाहुणीला काय चाललं आहे ते कळत नव्हतं, पण गोष्ट सुटत आली आहे हे कळत होतं. आम्ही सगळे काकूंच्या मागे कापसाच्या खोलीपाशी गेलो. काकूंनी दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थबकल्या.

खोली रिकामी होती. झाडलेली, स्वच्छ, कोपऱ्यात चार बोंडं.

"माहा कापूस?" काकू किंचाळल्या.

सुनेने मागून सांगितलं, "मामांजींनी भरला ना. पिकअपवाला आलता, तुमी वावरात गेल्यावर. मजूर लावून भरला अन् संगंच गेले दिग्रसले, जिनिंगवर."

म्हणजे व्हिएतनामच्या पाहुणीचा पासपोर्ट, तिचे कापसाचे नमुने आणि आमच्या तालुक्याची गिरणी, हे सगळं पिकअपमध्ये तुडवून भरलेल्या कापसाच्या तळाशी दिग्रसच्या वाटेवर होतं. समन्वयक तिथेच मटकन पायरीवर बसला. काकूंनी नवऱ्याला फोन लावला. फोन घरातल्या खुंटीवरच्या सदऱ्यात वाजला.

"अस्से हायेत आमचे!" काकू म्हणाल्या.

रफिक म्हणाला, "मॅडम, रांग मोठी असते या दिवसांत. पण गाडी खाली झाली अन् कापूस मशीनवर गेला तं बॅगेचं काही खरं नाही. मशीनचंही नाही." त्याने गाडीचं दार उघडलं. "तुमी जीपमध्ये बसा, मागंच येतो मी."

मी ठाण्यात वायरलेस करून रस्त्यावर बंदोबस्ताला असलेल्या शिपायाला जिनिंगवर पाठवलं आणि आम्ही निघालो. पुढे आमची जीप, त्यात मी, हवालदार, पाहुणी आणि काकू. मागे रफिकच्या गाडीत समन्वयक, अर्ध्या तासापूर्वी ज्याला चोर म्हटलं त्याच्याच शेजारी. त्या दोघांत वाटेत काय बोलणं झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुणीला मी मोडक्या इंग्रजीत सगळा प्रकार समजावला. बॅग का लपवली ते ऐकून ती बराच वेळ काकूंच्या कणकेच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी जेवले असते तर हे झालं नसतं?"

"नाही."

"मला भूक लागलीच होती," ती म्हणाली. "पण हा मला म्हणाला, इथे थांबलो तर उशीर होईल."

काकूंनी विचारलं, "काय म्हनते थे?"

मी सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला, आणि कणीक कपाळाला लागली. तेव्हा पाहुणी हसली.

जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची लांब रांग होती. काका रांगेत पिकअपच्या सावलीत निवांत चहा पीत बसले होते. पोलीस जीप, जीपमधून उतरणारी बायको, तिच्यामागे परदेशी बाई. त्यांनी कप खाली ठेवला आणि उभे राहिले.

"काय झालं? कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं. पाव्हणीची बॅग भरली तुमी गाडीत!"

"मी? मी कायले भरू बॅग? म्या तं कापूस भरला!"

"मले न विचारता काहून भरला?"

"चाळीस वर्सं झाले, कापूस तुले विचारून भरला काय कधी?"

रांगेतले सगळे ड्रायव्हर, हमाल, शेतकरी गोळा झाले. काकू-काकांचा हा सवाल-जवाब फुकटात बघायला मिळत होता. पिकअपचे फाळके उघडले, आणि रफिक, हवालदार आणि दोन हमाल कापूस उपसायला लागले. ताडपत्री अंथरून त्यावर ढीग रचत गेले. तेवढ्यात पाहुणीने बूट काढले, पँट दुमडली आणि गाडीत चढली. समन्वयक ओरडला, "मॅडम, तुम्ही नका!" तिने लक्षच दिलं नाही. कमरेपर्यंत कापसात शिरून ती दोन्ही हातांनी शोधायला लागली.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती फक्त बॅग शोधत नाही. मूठभर कापूस उचलते, बोटांनी पसरते, उन्हात धरून बघते, बाजूला टाकते, पुन्हा दुसरीकडून उचलते. खाली काकू तिच्याकडे संशयाने बघत होत्या. "काय पाहून राह्यली थे?"

रफिकने सांगितलं, "कचरा पाहून राह्यली, काकू. प्लास्टिकचे धागे, केस, सुतळी. आपल्या इकडच्या कापसात थे लई निंघते म्हनून बाहेरचे लोक नाकं मुरडतेत. ब्राझीलचा कापूस साफ येते म्हने."

"माह्या कापसात?" काकू कडाडल्या. "माह्या बाया डोक्याले फडकं बांधून वेचतेत! रंगीत पोतं मी वावरात आनू देत नाई! सांग तिले, पाह्य म्हनाव, आखीन पाह्य!"

हवालदारांचा हात एकदम अडकला. त्यांनी ओढलं, आणि काळी बॅग कापसातून बाहेर आली. तिच्या चेनमध्ये, पट्ट्यात, खिशात सगळीकडे कापूस. रांगेतल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. पाहुणीने चेन उघडली, पासपोर्ट वर धरून सगळ्यांना दाखवला, आणि कापसाच्या ढिगावर उभ्याउभ्याच काहीतरी म्हणाली. समन्वयक भाषांतर करता करता स्वतःच हसायला लागला.

"मॅडम म्हणतात, एवढ्या कापसात बाहेरची वस्तू एकच सापडली. ती त्यांचीच बॅग."

हे काकूंना समजायला एक क्षण लागला. मग त्या असं हसल्या की फाटकावरचा चौकीदार बाहेर आला.

विमान अर्थातच चुकलं. पाहुणीनेच समन्वयकाला सांगितलं, तिकीट उद्याचं कर. सगळी वरात पुन्हा वावरात गेली. ऊन कलत होतं. रोडगे गड्याने काढून राख झटकून ठेवले होते. काकूंनी रोडगा दोन्ही तळव्यांनी दाबून फोडला आणि त्यात तूप ओतलं. पाहुणीने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि बोट वर करून आणखी तूप मागितलं. काकूंचं तिच्याबद्दलचं मत तिथे कायमचं पक्कं झालं. समन्वयक पत्रावळीवर मान खाली घालून जेवत होता. शेवटी तो रफिकजवळ गेला आणि म्हणाला, "भाऊ, चुकलं माझं."

रफिक म्हणाला, "भाजी घे अजून. रिकाम्या पोटी माणूस काहीही बोलते."

माझं काम तिथे संपलं नव्हतं. ठाण्यात येऊन डायरीत लिहिलं की वस्तू नजरचुकीने मालवाहू गाडीत गेली होती, मूळ मालकास परत मिळाली, कोणाची तक्रार नाही. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "नजरचूक कोणाची?" मी म्हटलं, "सर, जेवणाच्या आग्रहात झाली." त्यांचं गाव वाशिमकडचं, म्हणजे वऱ्हाडातलंच. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

कंपनीने गिरणीसाठी आमची जागा निवडली. त्याचं कारण काकूंचे रोडगे, असं काकू सांगतात. कंपनीची कारणं निराळी असणार. वीज, पाणी, रस्ता, मजुरी, बंदरापर्यंतचा खर्च. आफ्रिकेतल्या त्या जागेलाही त्यांनी पुढे छोटी जिनिंग दिली म्हणतात. एवढं मोठं गणित एका जेवणावर ठरत नाही, हे मला कळतं. पण ज्या बाईने अहवाल लिहिला तिने इथला कापूस स्वतःच्या हातांनी तळापासून उपसून पाहिला होता, हेही खरं. कोणत्याही तपासणी पथकाने तेवढं केलं नसतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? चोरीच्या तपासात आपण पहिल्यांदा विचारतो की ही वस्तू कोणाला हवी होती. त्या दिवसापासून मी आणखी एक प्रश्न विचारायला लागले. मालकाने इथून जाऊ नये असं कोणाला वाटत होतं? या दुसऱ्या प्रश्नाने पुढे मला काही हरवलेली पोरं सापडली, एक पळालेली सून सापडली आणि एका म्हाताऱ्याचं पेन्शनचं पुस्तकही. माणसं वस्तू लोभानेच लपवतात असं नाही, जिव्हाळ्यानेही लपवतात. पोलिसाला दोन्हीतला फरक उशिरा कळला की निष्पाप माणूस आत जातो. गावात परक्या देशाची कंपनी आली की हा फरक आणखी लवकर ओळखावा लागतो, कारण तिथे प्रत्येकजण दुसऱ्याच्या रीतीला गुन्हा समजायला तयार बसलेला असतो.

रफिकची पडताळणी त्याच आठवड्यात केली. नियमाप्रमाणे त्याच्या गल्लीतल्या दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे होते. ते घेऊन मी ठाण्यात आले तर समोरच्या बाकावर काकू बसलेल्या. एसटीने आल्या होत्या, मांडीवर डबा.

"मी साक्ष देते रफिक्याची."

"काकू, शेजारीच लागतात. तुम्ही दुसऱ्या गावच्या."

"शेजारी काय सांगन? भाड्याची गाडी कुठी लावते थो. मी सांगते ना, जीव गेला तरी शब्द मोडत नाई थो. आखीन काय पाह्यजे तुमच्या सरकारले?"

कायद्यात काकूंच्या साक्षीला जागा नव्हती. तरी मी सगळं ऐकून घेतलं, कारण डबा त्यांच्या मांडीवर होता आणि तो उघडल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या. मग रफिकच्या अहवालावर नेहमीचीच ओळ लिहिली. सदर इसमाविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही, वर्तणूक चांगली. नोकरीभर अशा ओळी मी यांत्रिकपणे लिहीत आले होते. ती मात्र हसत लिहिली, आणि खाली सही नेहमीपेक्षा जरा मोठी केली.